छोट्या वायनरीची लेबलं : नाशिकचा इतिहास आणि लोककथा बाटलीवर आणायच्या तर

द्राक्षमांडव

दिंडोरीकडच्या एका छोट्या वायनरीची लेबलं नव्याने करायची आहेत. माल असा : शेनिन ब्लाँ (पांढरी) ५,००० लिटर, शिराझची रोझे (गुलाबी) २,००० लिटर, शिराझ (तांबडी) ३,००० लिटर आणि बॅरलमधली कॅबरने (तीही तांबडी) १,२०० लिटर. सगळं ७५० मिलीच्या बाटलीत. सध्याच्या लेबलवर द्राक्षाचा घड आणि फ्रेंच वाटणारं नाव आहे. दुकानाच्या फळीवर तसली वीस लेबलं शेजारी शेजारी उभी असतात, त्यामुळे आपलं कुठलं ते कळतच नाही.

विचार असा की प्रत्येक वाइनला नाशिक परिसरातली एक गोष्ट द्यायची. नाव देवनागरीत ठळक, रोमन लिपीत बारीक. डोक्यात असलेली नावं : कॅबरनेला रामशेज (मोगलांच्या वेढ्यात झुंजलेला किल्ला), शेनिनला सप्तशृंग, शिराझला शूर्पणखा, रोझेला गुलशनाबाद (नाशिकचं जुनं नाव). शेनिनला दुसरा पर्याय भोकरी. कागद सुती, त्यावर सोनेरी फॉइल आणि उठाव (साच्याने दाबून वर उचललेला आकार). बॉटलिंग ऑगस्ट-सप्टेंबरात.

नावं, कागद, छपाई, परवानग्या, जिथे अडेल तिथे बोट ठेवा.

कोर्टाचीपायरी

पाचांतली चार नावं खोडावी लागतील. कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून सुटी सुटी सांगतो.

सप्तशृंग : ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ९(२)(ब). कुठल्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावतील असं चिन्ह नोंदवता येत नाही. देवीच्या गडाचं नाव मद्यावर, म्हणजे आक्षेप ठरलेला.

शूर्पणखा : तिची पूजा होत नाही हे खरं, पण कथा रामायणातली आणि जागा पंचवटी. ब्रँडचं नाव म्हणून तेच कलम आडवं येईल.

रामशेज : २०२२ साली राज्य सरकारने मद्याची दुकानं आणि बार यांना देवदेवता, महापुरुष आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी केली. तो निर्णय दुकानांसाठी आहे, लेबलसाठी नाही. पण लेबल मंजूर करणारा विभाग तोच, राज्य उत्पादन शुल्क. शिवाय वेढ्याचं चित्र काढायचं तर मराठेशाहीतल्या व्यक्तिरेखा आल्या. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला बंदी करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. त्या वाटेने जाऊच नका.

भोकरी : ही द्राक्षाची जुनी जात आहे, फकडी आणि साहेबीच्या पिढीतली. आत शेनिन आणि बाहेर भोकरी म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल. नाव गोड असलं तरी अन्नसुरक्षा कायद्यात अडकेल.

गुलशनाबाद कायद्याने चालेल. मात्र जुनं असलं तरी ते गावाचं नाव आहे, त्यामुळे नुसत्या शब्दाचा हक्क कमकुवत राहील. शब्द आणि चित्र मिळून नोंदवा. वर्ग ३३ (३२ बिअरचा, तिथे अर्ज करून पैसे घालवू नका). शोध घेताना उच्चाराने सारखी नावंही बघा, देवनागरी आणि रोमन दोन्हींत.

क्रम असा ठेवा : नावाचा शोध, ट्रेडमार्क अर्ज, लेबलचा नमुना उत्पादन शुल्काकडे, मंजुरी, आणि मग छपाई. छपाई आधी उरकून मग मंजुरीला गेलं की गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जातात.

घाटमाथा

रामशेजवरून एक आठवलं. हंगेरीत एगर गावाची 'एग्री बिकावेर' म्हणजे बैलाचं रक्त ही तांबडी वाइन नेमक्या अशाच कथेवर उभी आहे. १५५२ साली तुर्कांनी एगरच्या किल्ल्याला वेढा घातला, आतले लोक तांबडी वाइन पिऊन लढले, दाढ्या लाल झालेल्या पाहून तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात. कथा मागाहून रचलेली, वेढा मात्र खरा. तिथे ती चालते, कारण त्या कथेतच वाइन आहे. रामशेजच्या वेढ्यात वाइन कुठेच नाही. ती ओढूनताणून आणावी लागेल आणि लोक ते ओळखतात.

चिलीच्या 'कासिएरो देल दियाब्लो'चंही तसंच. तळघरातली वाइन चोरीला जाते म्हणून मालकाने उठवलेली आवई, की आत सैतान राहतो. कथा तळघराचीच.

म्हणून आधी हे बघा की गोष्टीचा बाटलीतल्या मालाशी काही संबंध आहे का. रंगाचा, पाण्याचा, व्यापाराचा, जमिनीचा, कसलाही.

त्रिरश्मी

संबंध शोधायला लांब जायला नको. पांडवलेण्यातलं १० क्रमांकाचं लेणं शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दिलेलं. त्यातल्या लेखात ३,००० कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे म्हणजे संघांकडे ठेवल्याचं नोंदलंय : २,००० एका 'कोलिकनिकाया'कडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० दुसऱ्याकडे, शेकडा पाऊण व्याजाने. हे गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. आता त्याच पट्ट्यात वायनऱ्या आहेत.

आता व्यापार. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भरूच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचं नाव आहे : इटलीची (तिला जास्त पसंती), लाओदिकियाची आणि अरबस्तानची. त्याच पुस्तिकेत त्या मुलखाचा राजा म्हणून जो मॅनबॅनोस येतो तो नहपान, असं अभ्यासक मानतात. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या अँफोरांची (वाइन-तेलाच्या मातीच्या कुंभांची) खापरं मिळाली आहेत. म्हणजे नाशिकच्या लेण्यांना दान देणाऱ्यांच्या काळी या मुलखात बाहेरची वाइन येत होती, एवढं पुराव्याने म्हणता येतं. नाशकात तेव्हा वाइन बनत होती असं मात्र म्हणू नका. त्याला आधार नाही.

आणि चित्रासाठी सगळ्यात चांगली वस्तू : जोगलटेंभीचा साठा. सिन्नर तालुक्यात १९०६ साली सापडला. नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी, त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (टोकांना चार वर्तुळं असलेली फुली). त्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावतो. लेबलवर उठाव हवाच आहे, तर हे नाणं त्यासाठीच जन्मलंय.

मोसमकाठ

शेनिनसाठी फड पद्धत घ्या. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षं चाललेली गावकऱ्यांची सिंचन व्यवस्था. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर वर्षी पीक फड बदलतं. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, देखरेखीला हवालदार. पाण्याची पाळी शेपटाकडच्या शेतालाही मिळालीच पाहिजे, हा त्यातला कणा.

'पाटकरी' हे नाव कुणालाही उच्चारता येतं, देवाचं नाही, राजाचं नाही. चित्रही सोपं : बंधारा, पाट, चाऱ्या यांचा वरून दिसणारा नकाशा. द्राक्षाच्या ओळींसारखाच दिसतो.

कोर्टाचीपायरी

पाटकरी आवडलं. आडनाव म्हणूनही ते आढळू शकतं, तेवढा शोध घ्या.

जोगलटेंभीबद्दल सावध करतो. गावाचं नाव ब्रँड म्हणून पुढे लावलं तर द्राक्षं तिथलीच असा अर्थ होतो. गाव मागच्या लेबलवरच्या मजकुरात येऊ द्या, पुढे दुसरं नाव शोधा. सातकर्णीचं नावही ब्रँड म्हणून नको, तो महापुरुषांच्या बाजूला जातो. इतिहास सांगणाऱ्या वाक्यात चालेल.

आणखी एक. 'नाशिक व्हॅली वाइन' हे भौगोलिक मानांकन नोंदलेलं आहे. ते शब्द लेबलवर हवे असतील तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. पत्त्यात नाशिक जिल्हा लिहायला कुणाची हरकत नाही.

घाटमाथा

लोककथांकडे वळू. इथे घाई केली की पुढे निस्तरावं लागतं, म्हणून जरा सविस्तर.

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे, चित्राला मोह पडेल असं खूप आहे : बोहाड्याची सोंगं, वाघदेवाचे कोरीव खांब, डोंगऱ्यादेवाचा उत्सव. यातलं एकही आज नुसती 'गोष्ट' नाही. सोंग नाचवण्याआधी त्याची पूजा होते, कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यांकडे ठरलेलं असतं. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य असतो. धुळवडीला नाशकात निघणारा दाजिबा वीरही तसाच, लोक त्याला नवस बोलतात. मिरवणूक कितीही चित्रमय असली तरी ज्याला नवस बोलला जातो तो लेबलवर नको.

वारली चित्रं तर सगळेच उचलतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. संगणकावर काड्यांची माणसं गोल नाचवायची आणि खाली 'वारली' लिहायचं, हे करू नका. हवंच असेल तर वारली चित्रकाराकडून काम घ्या, करार करा, मागच्या लेबलवर त्याचं नाव छापा. पण तुमचा विषय नाशिक शहर आणि दिंडोरी-निफाडचा पट्टा असेल तर वारली ही पळवाट वाटेल.

रोझेसाठी माझं मत रहाडीला. जुन्या नाशकातले पेशवाईपासूनचे दगडी हौद. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले, रंगपंचमीला उघडतात. फुलांपासूनचा रंग उकळून आत ओततात आणि लोक उंच उडी मारून रंगात पडतात, तो धप्पा. उघडताना पूजा होते, पण पुढचा सगळा खेळ आहे. रंगाचा हौद आणि रंगाची वाइन, संबंध सांगायलाही लागत नाही. नाव 'धप्पा'.

खिळेछाप

धप्पा झकास. गुलशनाबादपेक्षा कितीतरी बरं.

त्रिरश्मी

गुलशनाबाद इतक्या लवकर टाकू नका. मोगलाईत नाशिकचं हेच नाव होतं, अर्थातच बागांचा आहे, रोझेला शोभतो.

घाटमाथा

शोभतो, पण सध्या शहरांच्या नावांवरून काय वातावरण आहे ते बघा. ज्या दुकानदाराने बाटली फळीवर ठेवायची त्याला वाद नको असतो, तो मागच्या रांगेत सरकवेल. इतिहास म्हणून नाव खरं आहे, माल म्हणून अवघड आहे.

कोर्टाचीपायरी

धप्पाला माझी एकच अट. हा शब्द लपाछपीतही आहे, म्हणजे लहान मुलांचा. चित्रात मुलं नकोत, खेळण्यासारखी अक्षरं नकोत. आणि उडी मारणाऱ्या माणसाच्या हातात ग्लास तर अजिबात नको. नुसता हौद, वरून पाहिलेला, आणि उसळलेला रंग.

खिळेछाप

आता छपाई. आकड्यांपासून सुरू करतो, कारण कागद-फॉइलचा निर्णय त्यावर ठरतो.

गाळणी आणि भरतीत ४ टक्के घट धरली तर बाटल्या अशा होतात : शेनिन ६,४००, रोझे २,५६०, शिराझ ३,८४०, कॅबरने साधारण १,५४०. एवढ्या आकड्यांना फ्लेक्सो छपाईला लागणाऱ्या प्लेटा करणं परवडत नाही. चारही डिजिटलवर घ्या. ५ टक्के जास्त छापा, रोल चढवताना आणि जुळवताना तेवढे जातात. फॉइल आणि उठावाचे साचे मात्र वेगळे लागतात आणि खरा खर्च तिथे आहे. म्हणून चारही लेबलांना फॉइलचा एकच साचा ठेवा, उदाहरणार्थ खालची नागमोडी रेघ. नाण्यावर ती आहेच, पाटाला चालते, हौदालाही चालते. उठाव फक्त शिराझला आणि कॅबरनेला.

सालाचा आकडा आणि बॅच नंबर डिझाइनमध्ये पक्के छापू नका. जागा मोकळी सोडा आणि बाटली भरताना थर्मल ट्रान्सफरने (उष्णतेने रिबनवरची शाई उतरवून) मारा. किंमतही तशीच. पुढच्या वर्षी उरलेले रोल वापरता येतात.

कागद : चारही वाइनला सुती कागद हा हट्ट सोडा. शेनिन आणि रोझे बर्फाच्या बादलीत जाणार. सुती कागद पाणी पितो, करडा पडतो, पारदर्शक होतो आणि मागची काच दिसायला लागते. या दोघींना ओल्यात टिकणारा, मागे अडथळ्याचा थर असलेला पांढरा पोतदार कागद घ्या. सुती कागद कॅबरने-शिराझला खुशाल वापरा, त्यांना बादली नाही. रोझे बिनरंगी, पारदर्शक काचेत असणार, म्हणजे पुढच्या लेबलची पाठ वाइनमधून दिसते. त्यासाठी मागून करडा, अपारदर्शक कागद मागा, नाहीतर मागच्या लेबलवरची अक्षरं पुढच्या लेबलच्या पाठीवर सावलीसारखी पडलेली दिसतात.

उठाव : खरं नाणं दीड सेंटिमीटरच्या आसपास, तेवढ्या आकारात काही दिसणार नाही. ३० ते ३२ मिमी करा. नहपानाचा चेहरा सपाट, फिक्या शाईत. त्याच्यावर डोंगराची खूण उठावात, फॉइल न लावता. दोन्ही उठावात घेतले तर चिखल होतो. साचा आणि छपाई यांच्यात ०.३ मिमीपर्यंत इकडेतिकडे होणार हे धरून चित्र काढा, म्हणजे खुणेची कड चेहऱ्याच्या कडेला नेमकी टेकवू नका. रोल घट्ट गुंडाळला की उठाव दबतो, तेव्हा सैल ताणावर छोटे रोल मागा.

आडवीरेघ

देवनागरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाइनच्या लेबलांवर सगळ्यात जास्त घाण इथे होते.

पहिलं, फॉन्ट मराठीचा आहे का बघा. ल आणि श यांचे मराठी आणि हिंदी आकार वेगळे असतात. चांगल्या युनिकोड फॉन्टात दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी आकार येत नाहीत. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. जुन्या बिनयुनिकोड फॉन्टात केलेली फाइल छापखान्यातल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. छपाईला द्यायच्या आधी सगळी अक्षरं आउटलाइन करा (अक्षराचा आकार, फॉन्टवर न अवलंबणारा) आणि आउटलाइन झाल्यावर मराठी येणाऱ्या माणसाने पुन्हा वाचा. आधी वाचून उपयोग नाही.

दुसरं, जाडी. साध्या शाईत रेघ ०.२ मिमीच्या खाली नको. गडद रंगातून पांढरं अक्षर काढायचं असेल तर ०.३. पोतदार कागदावर ८ पॉइंटच्या खाली द्ध, क्ष, ज्ञ यांची पोटं भरून जातात. फॉइलमध्ये अनुस्वार ०.४ मिमीहून बारीक असेल तर तो बसतच नाही किंवा पहिल्या पुसण्यात उडतो.

तिसरं, शिरोरेघ. नाव मोठं करून अक्षरांत अंतर पाडलं की शिरोरेघ तुटते. रोमन अक्षरं पसरवता येतात, देवनागरी नाही. 'पाटकरी' रुंद हवं असेल तर अक्षर रुंद काढून घ्या, ताणू नका.

द्राक्षमांडव

भरपूर मिळालं. सध्या असं दिसतंय : शेनिन पाटकरी, रोझे धप्पा. शिराझला नाणं, त्याला नाव 'दुहेरी ठसा'. कॅबरनेला लेण्यातल्या लेखातला एखादा शब्द, ब्राह्मीत. 'कोलिकनिकाय' चालेल?

त्रिरश्मी

शब्द खरा, पण फोनवर ऑर्डर देणारा हॉटेलवाला तो उच्चारू शकणार नाही. ३ क्रमांकाच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला, 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हटलंय, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. त्यातलं 'तिसमुद' घ्या. चार अक्षरं, उच्चार सरळ.

ब्राह्मी कुठली वापरायची हे महत्त्वाचं. संगणकावर सहज मिळणारी ब्राह्मी अशोककालीन वळणाची आहे. नाशिकचा लेख दुसऱ्या शतकातला, त्याची वळणं वेगळी. फॉन्ट वापरू नका. एपिग्राफिया इंडिकाच्या ८ व्या खंडात सेनार यांनी या लेखांचे ठसे छापले आहेत, त्यावरून ती चार अक्षरं गिरवून घ्या. इकार आणि उकाराच्या रेघा बारीक असतात. फॉइलसाठी जाड कराव्या लागल्या तर चारही अक्षरांत सारख्याच करा.

लेण्याचं दर्शनी चित्र, स्तूप, बुद्धमूर्ती यातलं काहीही लेबलवर नको. ते श्रद्धास्थान आहे. नाण्यावरच्या खुणेलाही काही जण चैत्य म्हणतात, म्हणून मजकुरात 'तीन कमानींचा डोंगर' एवढंच लिहा.

बाटलीबंद

छपाई कितीही चांगली झाली तरी लेबल ऑगस्टात उचकटणार. पावसाळ्यात भरत असाल तर हे वाचा.

खोलीत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्याच्याहून थंड वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान) २४ च्या आसपास असतो. टाकीतून आलेली शेनिन १२ ते १६ अंशांवर. बाटली भरताक्षणी बाहेरून घाम येतो, त्या ओल्या काचेवर गोंद धरत नाही. त्या दिवशी चिकटल्यासारखं वाटतं, आठवड्याने कोपरे वर येतात. उपाय दोन. एक, भरून बूच मारून बाटल्या बिनलेबलच्या क्रेटमध्ये एक-दोन दिवस ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्या की लेबल लावा. दोन, लेबलची खोली वेगळी करून एसी लावा. २४ अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू १३ वर येतो. छोट्या वायनरीला पहिला उपाय बरा. शिवाय राज्यागणिक मागचं लेबल बदलतं, ऑर्डर आली की तेवढ्याच बाटल्यांना लावता येतं.

बाटली आधी ठरवा, लेबल मग. बोर्दो बाटलीचा व्यास ७४ मिमी असेल तर घेर २३२ मिमी. पुढचं ९० आणि मागचं ८५ रुंद घेतलं तरी दोन्ही बाजूंना २८-२९ मिमी उरतात. उंचीसाठी बाटलीवर पोलादी पट्टी उभी धरा. पट्टी जिथपर्यंत काचेला चिकटून राहते तेवढाच सरळ भाग, त्याच्या वर-खाली ३-३ मिमी सोडा. खांद्यावर एक मिलिमीटर जरी चढलं तरी तिथे सुरकुती पडतेच. बर्गंडी बाटली निमुळती असते, तिच्यावर चौकोनी लेबल तिरकं बसतं. या मालिकेला ती टाळा.

लेबलर अर्धस्वयंचलित असेल तर छापखान्याला आधीच कळवा : रोलच्या आतल्या नळीचा व्यास ७६ मिमी, बाहेरचा व्यास तुमच्या मशीनला झेपेल तेवढा, दोन लेबलांतलं अंतर ३ मिमी, आणि उलगडण्याची दिशा. दिशा उलटी आली की पूर्ण रोल हाताने गुंडाळत बसावं लागतं. उठाव असलेल्या लेबलला रबरी रूळ नको, मऊ स्पंजचा लावा.

बर्फाची चाचणी : लेबल लावून ७२ तास थांबा. मग बर्फ-पाण्यात दोन तास. बाहेर काढल्यावर कोपरे बघा, अंगठ्याने घासा, रंग करडा पडला का बघा. ही चाचणी छापखान्याच्या नमुन्यावर नको, तुमच्याच काचेवर आणि तुमच्याच मशीनने लावलेल्या लेबलवर करा.

कोर्टाचीपायरी

मागच्या लेबलची जागा मोजा, गोष्टीला किती उरते ते कळेल. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या मद्य नियमांप्रमाणे वैधानिक इशारा आहेच : मद्यपान आरोग्याला हानिकारक, पिऊन गाडी चालवू नका. २०० मिलीच्या वरच्या बाटलीला त्या अक्षरांची उंची किमान ३ मिमी. ८५ मिमी रुंदीत त्याच दोन-तीन ओळी जातात. मग अल्कोहोलचं प्रमाण, सल्फाइटचा उल्लेख, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, निव्वळ परिमाण, किंमत, बॅच, 'अमुक राज्यात विक्रीसाठी'. पोषणमूल्यं लिहायची नाहीत, आरोग्याचा दावा करायचा नाही. म्हणजे द्राक्षासवाशी नातं सांगणारं वाक्यही नको.

चारी बाजूंचा समास धरून गोष्टीला ३५ ते ४५ शब्द उरतात. बाकीची गोष्ट क्यूआर कोडने संकेतस्थळावर न्या, पण तिथे इतिहासच ठेवा. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम २४ मध्ये मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. गोष्टीच्या पानावर 'आजच मागवा' टाकलं की तीच जाहिरात.

चित्रकाराशी लेखी करार करा. फक्त बिल आणि पैसे पुरत नाहीत, कॉपीराइट कुणाचा यावर पुढे वाद होऊ शकतो. हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. निर्यातीचा विचार असेल तर दोन्ही स्पष्ट लिहा. लेबल, खोके, संकेतस्थळ, टी-शर्ट, सगळे वापर नावानिशी.

द्राक्षमांडव

'दुहेरी ठसा'चा मागचा मजकूर असा केलाय :

"जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा खजिना सापडला. शूर गौतमीपुत्र सातकर्णीने परकीय शकांचा नायनाट केला आणि त्यांच्या नाण्यांवर आपली मुद्रा उमटवली. विजयोत्सवात गोदाकाठी द्राक्षमदिरेचे प्याले फेसाळले. त्याच परंपरेची ही शिराझ."

त्रिरश्मी

शेवटची दोन वाक्यं काढा. गोदाकाठचे प्याले कुठल्याही लेखात नाहीत आणि शिराझची परंपरा तर मुळीच नाही. 'नायनाट' हा बलश्रीच्या लेखातला दावा आहे, 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निरवशेष करणारा. तो सांगायचा तर लेखात असं म्हटलंय, असं सांगा. 'खजिना'ही नको, 'साठा'. असं करा :

"सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उठवला. जुना चेहरा नव्या ठशाखाली अजून दिसतो."

तीसेक शब्द होतात. धप्पाच्या मजकुरातही पेशवाईपासूनच्या एवढंच म्हणा, साल टाकू नका.

आडवीरेघ

'त्यांतल्या'वरचा अनुस्वार फॉइलमध्ये नाही ना? मजकूर साध्या शाईत असेल तर ८ पॉइंटला बसेल. ओळी पाचपेक्षा जास्त होऊ देऊ नका, इशाऱ्याच्या ३ मिमीच्या अक्षरांशेजारी मजकूर दबतो.

खिळेछाप

मजकूर साध्या शाईत. फॉइल फक्त नागमोडी रेघेला आणि 'तिसमुद'च्या चार अक्षरांना, पण त्या अक्षरांना वेगळा साचा लागेल. कॅबरनेच्या दीड हजार बाटल्यांसाठी तो करायचा का ते ठरवा. नाहीतर तीच अक्षरं फॉइलशिवाय नुसत्या उठावात घ्या. सुती कागदावर कोरल्यासारखी दिसतील, आणि उठावाचा साचा कॅबरनेला लागणारच होता.

द्राक्षमांडव

फॉइलशिवाय उठावच घेतो. मंजुरीला द्यायच्या नमुन्यात उठाव दाखवावा लागतो का, की सपाट छापील प्रत चालते?

कोर्टाचीपायरी

खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात, उठाव आणि फॉइल सकट द्या, सोबत सपाट प्रत. मंजूर झालेल्या प्रतीपेक्षा बाजारातलं लेबल वेगळं दिसलं तर कोणता फरक मोठा आणि कोणता छोटा हे तपासणीला आलेला माणूस ठरवतो. दुसऱ्या राज्यात विकायचं असेल तर तिथली मंजुरी वेगळी, आणि नूतनीकरण दर वर्षी. मार्चच्या आत अर्ज गेला नाही तर एप्रिलमध्ये त्या राज्यातला माल गोदामातच बसतो.